नुसतं 'येतो'

"बंद पडण्याआधी त्या केंद्रानं शेजाऱ्यांना 'येतो' म्हणायचं," असं ते म्हणाले, आणि माझं पेन थांबलं नाही. हे नंतर आठवलं तेव्हा मला स्वतःचा चक्क अभिमान वाटला. टेबलावर रेकॉर्डरचा तांबडा ठिपका होता, त्यांच्या चहावर साय धरली होती, छतातून थंड हवेची एकसुरी घरघर येत होती. सगळं होतं तसंच राहिलं, फक्त माझ्या मानेवर कुणीतरी गार बोट टेकवलं आणि पाठीवरून सावकाश खाली ओढत नेलं. "येतो?" मी खाली बघतच विचारलं. "हो, येतो. म्हणजे मी मेलेलो नाही, दुरुस्तीला चाललोय, माझी जागा धरून ठेवा. गंमत म्हणून पडलेलं नाव, पण सोयीचं होतं, राहिलं." "कुणाची गंमत, सर?" "आमच्यातल्याच कुणाची तरी," ते म्हणाले, साय बोटानं कपाच्या कडेला सारली आणि चहा प्यायले. त्या बोटाकडे मी बघत राहिले. ते बोट त्यांनी रुमालाला पुसलं, रुमालाची नीट घडी केली आणि घडी खिशात ठेवली. व्यवस्थित माणूस. हाताला काही म्हणून चिकटू द्यायचा नाही.

ती 'कुणाची तरी' गंमत आमच्या घराच्या उंबऱ्यावर जन्मली होती. दादा तेव्हा नुकता नोकरीला लागला होता. एक बूट पायात आणि एक हातात अशा अवस्थेत तो रोज बाहेर पडायचा, आणि एकदा घाईत "जातो गं" म्हणून ओरडला. आई हातातलं काम टाकून दारापर्यंत आली. "जातो काय म्हणतोस? तोंडाला काही धरबंध? येतो म्हण." तो अर्ध्या जिन्यावरून परत वर आला, तिच्यापुढे वाकून "येतो, येतो, येतो" असं तीनदा म्हणाला आणि पुन्हा धडधडत उतरून गेला. संध्याकाळी जेवताना म्हणतो कसा, "आई, तुझं बोलणं आज आम्ही बोगद्यात बसवलं." मग त्यानं वाट्या ओळीनं मांडल्या आणि समजावून सांगितलं. नदीखालून जाणारा रस्त्याचा बोगदा, छताला धूर ओढणारे पंखे, प्रत्येक पंख्यापाशी एक छोटा संगणक, त्याला ते केंद्र म्हणायचे, आणि या सगळ्यांवर साहेब कुणीच नाही. म्हणून प्रत्येकानं शेजारच्याला सारखं सांगत राहायचं, आहे, आहे, आहे. ते ऐकू यायचं थांबलं की शेजाऱ्यांनी समजायचं, हा गेला, आणि त्याचं काम आपसांत वाटून घ्यायचं. पण दुरुस्तीसाठी बंद होणारा काही गेलेला नसतो. त्यानं 'येतो' म्हणायचं, म्हणजे शेजारी त्याच्या कामाला हात लावत नाहीत. आईनं वाट्यांकडे बघून मान डोलावली. "बरोबर आहे. जातो म्हणणाऱ्याच्या मागे दार लावून घेतात." दादा हसता हसता इतका ठसकला की मला त्याच्या पाठीत बुक्क्या घालाव्या लागल्या. त्या बुक्क्या अजून माझ्या मुठीत आहेत.

आणि आता इतक्या वर्षांनी मी पगार घेऊन एका माणसासमोर बसले होते, आणि तो माणूस ते वाक्य मला शिकवत होता. माझा धंदा प्रश्न विचारण्याचा. माझ्या ओळखपत्रावर काहीतरी भारदस्त छापलेलं आहे, पण आई शेजारपाजारी सांगते ते जास्त खरं आहे: "ती मोठमोठ्या लोकांना का, का, असं विचारते आणि त्याचे तिला पैसे देतात." आमच्या कचेरीत एक प्रोग्राम तयार होत होता, त्याचं नाव सल्लागार. अनेक ठिकाणी विखुरलेल्या, एकमेकांशी बोलत काम करणाऱ्या आणि क्षणात निर्णय घ्यावा लागणाऱ्या यंत्रणा ज्यांना उभ्या करायच्या आहेत, त्या नव्या पोरांना हा सल्लागार सल्ला देणार. काम किती केंद्रांत वाटा, कुणाच्या घड्याळावर विश्वास ठेवा, निरोप हरवला तर काय करा. हे शहाणपण पुस्तकात सापडत नाही. ते म्हाताऱ्या इंजिनिअरांच्या डोक्यात असतं आणि ते निवृत्त झाले की त्यांच्याबरोबर घरी जातं. म्हणून एक जाणता माणूस धरायचा, त्याला माझ्यापुढे बसवायचा, आणि मी त्याच्याकडून एकेक नियम काढून घ्यायचा: जर असं असेल तर असं करा. प्रत्येक नियमाखाली एक रिकामी जागा असते, तिथं 'का' ते लिहायचं. उद्या एखाद्या पोरानं सल्लागाराला 'का?' असं विचारलं, तर तिथलं उत्तर जसंच्या तसं पडद्यावर येतं. हा जाणता माणूस म्हणजे हे सर. कचेरीत त्यांना सगळे गुरुजी म्हणत. पहिल्याच दिवशी त्यांनी मला पहिला नियम दिला होता: "वेळ टळून गेल्यावर आलेलं बरोबर उत्तर हे चुकीचंच उत्तर. लिहून घ्या. आमच्या धंद्यात यापलीकडे वेद नाही." मी लिहून घेतलं होतं, आणि मला ते आवडलंही होतं. गोरेगोमटे, गुळगुळीत दाढी केलेले, मऊ बोलणारे गृहस्थ. दादाच्या गोष्टींत त्याच्या साहेबाला नाव नव्हतं. दादा त्याला फक्त 'मिशी' म्हणायचा. मिशी आज हे म्हणाली, मिशीला आज पाहुणे आहेत, मिशीनं आज पाठ थोपटली. बोगद्याच्या त्या कामावर साहेब तो एकच होता. ज्या मिशीला मी इतकी वर्षं मनातल्या मनात उभी जाळत आले, ती या माणसानं कधीतरी सकाळी आरशासमोर उभं राहून काढून टाकली होती, तेवढ्यामुळे तो मला आजवर ओळखू आला नव्हता. आणि मी त्यांना सापडले नव्हते, कारण लग्नानं मला दिलेली एकच टिकाऊ गोष्ट म्हणजे नवऱ्याचं आडनाव. नवरा गेला दुसरीकडे, आडनाव राहिलं.

त्या बोगद्यात एक दिवस एका गाडीनं पेट घेतला. मधला एक पंखा 'येतो' म्हणून दुरुस्तीला गेलेला होता आणि तो परत आलाच नव्हता. दुरुस्ती करणारे दुसऱ्या कामाला निघून गेले होते. त्याचे दोन्ही शेजारी इमानानं त्याची जागा धरून वाट बघत होते. येतो म्हणालाय, म्हणजे येईल. धूर त्या मोकळ्या जागेत साचला. माणसं खोकत, एकमेकांना धरत बाहेर आली. एक बाई आली नाही. चौकशी झाली, आणि चौकशीत ठरलं की वाट किती बघायची याला मर्यादाच घातलेली नव्हती, आणि तो भाग दादाच्या हातचा होता. "मी घातली होती," दादा घरी म्हणाला, एकदाच. "मी घातली होती गं." बाहेर तो तेही म्हणाला नसावा. तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाणारी जात असते, त्यातला तो. नंतर तो पुष्कळ दिवस खिडकीपाशी बसून असायचा, आणि एका सकाळी उठला, दाढी केली, दोन्ही बूट नीट घातले, दारातून म्हणाला, "येतो." आई म्हणाली, "ये." एवढंच. त्यानंतर आमच्या घरात नुसतं 'येते' चालत नाही. मी दारात पाऊल ठेवलं की आई आतून विचारते, "किती वेळात?" आणि मला वेळ सांगावी लागते, आणि ती पाळावी लागते. मोरीच्या दाराशी तीन खुंट्या आहेत. तिसऱ्यावर दादाचा टॉवेल. दर आठवड्याला आई तो धुते, वाळवते, पुन्हा तिथंच लावते. "न वापरलेला मळतो कसा?" असं मी एकदा, फक्त एकदाच, विचारलं. "धूळ बसते," ती म्हणाली.

सरांच्या तोंडून 'येतो' ऐकलं त्या दिवशी घरी येताना बस नेहमीप्रमाणे बोगद्यात शिरली आणि मी नेहमीप्रमाणे श्वास रोखून धरला. ही सवय मला तेव्हापासूनची. बोगदा संपेपर्यंत छाती फुटायला येते, पण सोडायचा नाही. वर पंखे सरकत होते, त्यांच्या पात्यांवर काजळीचं मखमली आवरण, आणि माझ्या कानात रक्त आहे, आहे, आहे असं ठोकत होतं. बोगदा संपला, मी तोंड उघडून हवा आत घेतली, आणि त्या एका घोटाबरोबर माझं सगळं ठरून गेलं. मला सूड हवा होता. न्याय वगैरे नको. न्याय लोकांना दाखवायला असतो. मला हा माणूस रिकामा झालेला बघायचा होता. आणि ते तर माझं कामच होतं! गरज सरो, वैद्य मरो, हाच तर आमच्या सगळ्या योजनेचा पाया. त्यांच्याजवळ जे आहे ते सगळं काढून घेतलं की कंपनी त्यांना किती दिवस ठेवेल? त्यांना वाटत होतं, आपण सल्लागारात उतरतोय, अमर होतोय. विहीर उपसणाऱ्याला विहिरीनं धन्यवाद द्यावेत तशातला प्रकार. आणि शेवटी तळाशी जो गाळ असेल, ती मर्यादा कुणी काढली आणि का, तो मला त्यांच्या तोंडून, त्यांच्या आवाजात ऐकायचा होता. त्या रात्री मला छान झोप लागली. सकाळी आई म्हणाली, "आज चेहरा बरा दिसतोय." मी म्हटलं, "काम मनासारखं मिळालंय."

इतकं चांगलं काम मी आयुष्यात केलं नाही. मॅनेजर, जो वयानं माझ्याहून लहान आणि आवाजानं मोठा आहे, येता-जाता म्हणायचा, "कमाल आहे तुमची, गुरुजी कुणाला एवढं सांगत नाहीत." सांगतील कसे? जाणत्या माणसाला काय येतं ते त्यालाच ठाऊक नसतं. आईला विचारा मीठ किती घालायचं, ती म्हणेल, अंदाजानं. अंदाज म्हणजे काय असं विचारलं तर चिडेल. म्हणून तिच्या शेजारी उभं राहायचं, तिची चिमूट भरत आली की तिचा हात धरायचा आणि विचारायचं, आत्ता का थांबलीस? मी सरांचा हात असा रोज धरत होते. मागे एकदा दोन केंद्रांची घड्याळं जुळेनात तेव्हा तुम्ही काय केलंत? का? दुसऱ्यावर विश्वास का नाही ठेवला? निरोप दोनदा आला तर? दोन्ही खरे असले तर? ते डोळे मिटून घेत, खुर्चीच्या हातावर बोटांनी ताल धरत, आणि मग त्यांच्यातून काहीतरी निघे, ओलं, ताजं, त्यांनाही नवं. "अरेच्चा," ते म्हणत, "हे मी असं करतो हे मला माहीतच नव्हतं." मी गोड हसे. केसानं गळा कापायचा तर केस मऊच असावा लागतो. त्यांच्या चहाची साय मी आधीच काढून ठेवू लागले. तेही आईची चौकशी करू लागले, तिच्या गुडघ्यांसाठी कुठलंसं तेल आणून दिलं त्यांनी. ती बाटली मी घरी नेली नाही, बसस्टॉपवरच्या कचऱ्याच्या डब्यात टाकली, आणि बसमध्ये चढल्यावर मला उगीचच रडू आलं. ते रडू त्या तेलाचं नव्हतं. मला राग आला होता, की हा माणूस मला आवडू शकला असता. तिटकारा यावा असं त्यांच्यात काही असतं तर माझं काम सोपं झालं असतं. साधं मोठ्यानं शिंकतसुद्धा नव्हते ते. एकदा म्हणाले, "घरी मला कुणी का म्हणून विचारत नाही हो. मुलगा विचारतो ते फक्त कुठे आणि कधी." मी मनात म्हटलं, थांबा जरा, मी आहे ना विचारायला.

पण त्या एका नियमाबद्दल ते ताकास तूर लागू देत नव्हते. जर शेजारी 'येतो' म्हणून गेला असेल, तर त्याची जागा धरून ठेवा. किती वेळ? तिथं आकडा हवा, आकड्याखाली 'का' हवं. मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा म्हणाले, "ते परिस्थितीवर अवलंबून." दुसऱ्यांदा त्यांना फोन आला. तिसऱ्यांदा त्यांनी घड्याळ जुळवण्यावर इतकं सुंदर व्याख्यान दिलं की मलाच मी काय विचारलं होतं ते विसरायला झालं. चोराच्या मनात चांदणं, पण हा चोर चांदण्यातही सावलीसावलीनं चालणारा होता. मीही घाई केली नाही. मी त्या नियमाभोवतीचे सगळे नियम आधी पुरे करत आणले. येतो म्हणाला आणि वेळेत आला तर. येतो न म्हणताच गेला तर. येतो म्हणाला आणि त्याच्या मागे आणखी एक येतो म्हणाला तर. चहूबाजूंनी बांध घालत आणला, आणि मधे तेवढा एक चौकोन कोरडा राहिला. पडद्यावर तो तांबड्या रंगात दिसायचा. ते आत आले की आधी त्यांची नजर त्याच्यावर जायची, मग माझ्यावर.

ज्या दुपारी ते बोललं गेलं त्या दुपारी वीज गेली होती आणि थंड हवेची घरघर बंद पडली होती. खोली एकाएकी इतकी शांत झाली की आम्हा दोघांना एकमेकांचा श्वास ऐकू यायला लागला. रेकॉर्डर त्याच्या बॅटरीवर चालू होता. मी म्हटलं, "सर, तो एक राहिलाय." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "माझ्या हाताखाली एक मुलगा होता. हुशार. ते नाव त्याचंच, येतो. कुठून काढलं होतं कोण जाणे." मी पेन उचललं. "त्यानं मर्यादा घातली होती. तेवढ्या वेळात परत आला नाही तर शेजाऱ्यांनी त्याला गेला असं समजायचं आणि घंटा वाजवायची. मी काढली." "का?" माझा आवाज मला परका वाटला, पण सरळ आला. "पाहुणे यायचे होते बघायला. दुरुस्तीवाले वेळेवर काम संपवायचे नाहीत, आणि घंटा सारखी वाजायची. पाहुण्यांपुढे घंटा वाजत राहिली असती तर आमची शोभा झाली असती. म्हटलं, तात्पुरती काढू." "आणि मग?" "मग पुन्हा घालायची राहून गेली." "त्या मुलाला माहीत होतं?" "तो भांडला माझ्याशी. मी म्हटलं, अरे, उद्या घालू." त्यांनी रुमाल काढला आणि घाम नसलेलं कपाळ पुसलं. "पुढे ते... झालं ते. चौकशी झाली." "चौकशीत तुम्ही सांगितलं नाहीत?" इथं ते माझ्याकडे बघून हसले, म्हणजे हसू आणायला निघाले आणि अर्ध्यावर थांबले. "चौकशीत त्यांनी विचारलं, हा भाग कुणाचा? भाग त्याचाच होता. का, असं मला कुणी विचारलंच नाही. आज तुम्ही पहिल्यांदा विचारलंत." आणि मग, जशी काही ही शेवटची आणि बिनमहत्त्वाची गोष्ट असावी तसं, "गेला असेल दुसरीकडे कुठेतरी. चांगल्या जागी असेल. हुशार होता." असेल. त्या एका 'असेल'मध्ये माझी आई टॉवेल धूत होती. मला वाटलं होतं, हे ऐकल्यावर मी ओरडेन, निदान कप तरी फेकेन. काही झालं नाही. मी फक्त म्हटलं, "लिहिते मी, सर." वीज आली, घरघर पुन्हा सुरू झाली, आणि ते किती हलके होऊन उठले! एखादा माणूस पोटभर जेवून उठावा तसे उठले.

मी ते त्यांच्याच तोंडी, एका वाक्यात लिहिलं, 'का'च्या जागेत. त्यांनी न सांगितलेलं काही घातलं नाही. "कारण मी एकदा पाहुण्यांसाठी ही मर्यादा काढली, पुन्हा घातली नाही, आणि दोष माझ्या हाताखालच्या मुलावर गेला तेव्हा गप्प बसलो." आकडाही घातला. त्यांनी दुसऱ्या दिवशी हात झटकत सांगितलेला, छोटासा, कुणालाही सुचेल असा आकडा. प्रत्येक नियम जाणत्यानं वाचून मंजूर करायचा असतो. त्यांनी चष्मा कपाळावर चढवलेला होता, पडद्याकडे पाहिल्यासारखं केलं आणि म्हणाले, "तुम्ही लिहिलंत म्हणजे बरोबरच असणार," आणि कळ दाबली. तांबडा चौकोन हिरवा झाला. वाचलं असतं तर त्यांना ते पुसता आलं असतं, त्यांचा हक्कच होता. पण ज्या हातानं ती मर्यादा काढली होती तोच हा हात, न बघता चालणारा. यापुढे कुठल्याही देशातला कुठलाही पोरगा सल्लागाराला विचारेल की येतो म्हणून गेलेल्याची एवढीच वाट का बघायची, तर हा माणूस त्याला उत्तर देत राहील, हा माणूस मेल्यावरसुद्धा. मग मी मॅनेजरला एका ओळीचा अहवाल पाठवला: तज्ज्ञांकडून घेण्यासारखं आता काही उरलेलं नाही. त्यात खोटं एक अक्षर नव्हतं. मॅनेजरनं ते वाचलं, आकडेमोड केली, आणि गुरुजींना फुलांचा गुच्छ देऊन मोकळं करायचं ठरवलं. सल्लागार तयार झाला म्हटल्यावर गुरुजी कशाला?

शेवटच्या दिवशी ते खोलीत आले ते एका हातात गुच्छ आणि एका हातात चष्म्याचं घर घेऊन. एवढंच सामान. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ते बसले नाहीत. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. "काल मुलाला सांगितलं, संपलं माझं काम, तर म्हणतो, मग आता दिवसभर घरीच?" ते म्हणाले. "खरं सांगू का, मला वाटलं होतं, सल्लागार चालू झाल्यावरही काहीतरी विचारायला लागेल यांना. पण ते यंत्र बरंच बरं सांगतं. मी काल दोन-चार प्रश्न घातले. माझ्यासारखंच बोलतं." हातातल्या फुलांचा कागद चुरचुरत होता. मी बघत होते. रिकामा माणूस कसा दिसतो ते मला बघायचं होतं ना, तो असा दिसत होता: खांदे आत आलेले, सदऱ्याची कॉलर मानेला सैल झालेली, आणि बोलणं संपल्यावर पुढे काय करायचं ते न सुचलेला. मला आनंद होत होता. खोटं कशाला बोलू, झाला. गरम, जाड, जिभेवर चव यावी असा. "बरंय," ते म्हणाले, दारापर्यंत गेले, आणि वळून, सगळे म्हणतात तसं म्हणाले, "येतो."

"किती वेळात?" मी विचारलं.

त्यांना ती थट्टा वाटली. हसले. मी हसले नाही. मग त्यांचं हसू चेहऱ्यावर राहिलं आणि डोळ्यांतून गेलं. "आमच्या घरी असं विचारतात, सर," मी म्हणाले. "तुमच्या हाताखालचा मुलगा 'येतो' म्हणाला होता आणि आई त्याला ते विचारायचं विसरली. तेव्हापासून विचारतात. मी त्याची धाकटी बहीण. तो चांगल्या जागी नाही. तो कुठल्याच जागी नाही." गुच्छ त्यांच्या हातातून हळूहळू खाली जात गुडघ्यापाशी आला. ओठ हलले. "मी... मला त्याला... तुमच्या आईंना भेटून मी..." असं काहीतरी बाहेर येऊ लागलं, ओलं, ताजं, त्यांनाही नवं. मी हात वर केला. "वेळ टळून गेल्यावर आलेलं बरोबर उत्तर, सर?" त्यांनी तोंड मिटलं. पाठ असलेला नियम होता तो त्यांचा, पहिल्याच दिवशीचा. मग वळले आणि गेले. येतो म्हणाले नाहीत, जातो म्हणाले नाहीत. गुच्छ मात्र दाराबाहेरच्या बाकावर ठेवून गेले. तो झाडूवाल्यानं संध्याकाळी उचलला.

बसमध्ये मी बोगद्याच्या तोंडाशी छाती भरून घेतली, आणि मग मधेच, का कोण जाणे, श्वास सोडून दिला. हवेला पेट्रोलचा आणि ओल्या सिमेंटचा वास होता. इतकी वर्षं मी हा वास घेतलाच नव्हता. वर पंखे फिरत होते, त्यातला एक बंद होता, आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे जोरात, अंगात आल्यासारखे फिरत होते. म्हणजे आता तिथं कुणीतरी मर्यादा घातलेली होती. घरी आले तेव्हा उन्हं उतरली होती. आई खुर्चीत बसून वाळलेले कपडे मांडीवर घेऊन घड्या घालत होती, गुडघा बाहेर काढून. मला त्या तेलाची आठवण झाली. मी सकाळी सांगितलेली वेळ टळायच्या आत आले होते, म्हणून तिनं वर पाहिलं नाही. मी तिच्यासमोर जमिनीवर बसले. "आई, मिशी सापडली," मी म्हणाले. तिचे हात थांबले. मी सगळं सांगितलं. त्यानंच मर्यादा काढली होती, दादानं घातली होती, दादा खरं बोलत होता. त्यानं स्वतःच्या तोंडानं कबूल केलं, आणि ते आता कायमचं लिहून राहिलंय, कुणालाही वाचता येईल. आणि आज मी त्याला तिथून घालवला, आई, मी घालवला. मला वाटलं होतं, ती रडेल, किंवा माझ्या डोक्यावर हात ठेवेल, किंवा त्याला शिव्या देईल. तिला दोनच शिव्या येतात, त्यातली एक तरी देईल. तिनं मांडीवरचा टॉवेल उचलला, तो तिसऱ्या खुंटीवरचा होता, त्याची कड कडेला जुळवली आणि मनातल्या मनात कसलासा हिशेब लावत राहिली. मी जन्मभर लोकांच्या तोंडून जर आणि तर काढत आले, तिच्या चेहऱ्यावर ते मला आधीच दिसायला हवं होतं.

"म्हणजे दोष त्याचा नव्हता, हे आता सगळ्यांना कळलं," ती म्हणाली.

"हो."

"आणि तो माणूसही तिथं नाही आता."

"नाही."

"मग थोरला येईल." ती हे विचारत नव्हती. तिनं टॉवेल दोन्ही तळव्यांत धरला होता, आणि तिचा चेहरा, मी इतक्या वर्षांत न बघितलेला, एकदम कमी वयाचा झाला होता. जर कारण गेलं तर. मला त्या चेहऱ्याला नाही म्हणता येईना.

"येईल," मी म्हणाले.

आईनं माझ्याकडे पाहिलं.

"किती वेळात?"